इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला ट्यूब प्रीअँप: घ्यावा की राहू द्यावा? (सोलापुरातल्या हौशींची चर्चा, बोलणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचा भाग)

जुळे सोलापूर : स्पीकर क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक (विजेच्या भाराने पातळ पडदा हलवून वाजणारा) ईएसएल-63, खोली 12 बाय 15 फूट. पॉवर अँप ट्रान्झिस्टरचा, इनपुट 10 किलोओहम, 1 व्होल्टला पूर्ण ताकद. डॅक (डिजिटल संगीताचा अँपला चालणारा सिग्नल करणारं यंत्र) 2 व्होल्ट देतो. मध्ये प्रीअँप (पॉवर अँपच्या आधीचा, सिग्नल तयार करून देणारा अँप) नाही, 50 किलोओहमचा पॉट (आवाज कमीजास्त करायचा फिरता रेझिस्टर) बसवलेला साधा डबा आहे आणि तिथून अँपपर्यंत 5 मीटर केबल. आवाज स्वच्छ आहे, पण सतारीच्या तारेची झळाळी आणि झांजेची किनार जरा दबलेली वाटते. 60 हजारांत ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) प्रीअँप बसवावा का?

अक्कलकोट रोड : नको. इलेक्ट्रोस्टॅटिक आणि ट्यूब ही जोडी ज्या कारणाने गाजली, ते कारण प्रीअँपला लागूच होत नाही. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड टू हा 15 वॉटचा ट्यूब अँप 1953 सालचा आणि पहिला ईएसएल 1957 सालचा. पॅनेल, म्हणजे पडदा आणि त्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या, विजेच्या दृष्टीने मोठा कपॅसिटर. वरच्या पट्टीत त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) घसरत जातो, तेव्हा अँपच्या स्वभावाने आवाज बदलतो. पण हे सगळं पॉवर अँपच्या पुढे घडतं. प्रीअँपला दिसतो फक्त तुमचा 10 किलोओहमचा इनपुट. पुढे पॅनेल आहे की साधा कोन (शंकूचा स्पीकर), याचा त्याला पत्ताच नसतो.

होटगी रोड : पत्ता नसतो हे मान्य. पण मालक, त्यांच्या साखळीतली खोट तुम्ही पाहिलीच नाही. 50 किलोओहमचा पॉट 6 डेसिबल खाली असताना त्याचा आउटपुट इम्पिडन्स सर्वांत जास्त असतो, 12.5 किलोओहम. म्हणजे ज्याला सिग्नल द्यायचा त्या 10 किलोओहमच्या अँपपेक्षाही जास्त! नियम उलटा आहे, देणाऱ्याचा इम्पिडन्स घेणाऱ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवा. केबलची कपॅसिटन्स मीटरला 100 पिकोफॅरड धरली तर 5 मीटरला 500. त्या जागी 20 किलोहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल जातो. दुसऱ्या स्पीकरवर तो कदाचित लपेल, ईएसएलवर नाही. झळाळी तिथेच गेली आहे. मध्ये बफर (कमी इम्पिडन्सने सिग्नल पुढे देणारा टप्पा) हवाच, मग तो चांगला ट्यूबचा का नको?

अक्कलकोट रोड : हिशेब बरोबर, औषध महाग. 50 चा पॉट काढून 10 किलोओहमचा लॉग (आवाज कानाला समान पावलांनी वाढवणारा) स्टिरिओ पॉट लावा. आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त 2.5 किलोओहम होतो आणि 20 किलोहर्ट्झची घट 0.1 डेसिबलच्या आत येते. डॅकचा आउटपुट 100-200 ओहमचा असेल तर त्याला 10 चा भार जड नाही. सहा टाके डागायचे, खर्च काहीशे रुपये. दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने निरनिराळ्या जागी मोजून जुळणारा पॉट निवडा. स्वस्त पॉट अगदी सुरुवातीच्या वळणावर एका बाजूला झुकतात. नाहीतर डबा अँपशेजारी आणा आणि लांब केबल डॅककडे जाऊ द्या.

सात रस्ता : ट्यूब घ्यायचीच असेल तर आत कोणती मांडणी आहे ते आधी विचारा. 12एएक्स7 या ट्यूबच्या अ‍ॅनोडवरून थेट आउटपुट काढला असेल तर इम्पिडन्स 38 किलोओहमच्या आसपास. 10 च्या इनपुटला जोडला की 13 डेसिबल तिथेच बुडतात आणि ट्यूब ओढाताणीत चालते. 12एयू7 या ट्यूबचा कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारी मांडणी) असेल तर 500 ओहमच्या आसपास, त्याला 10 चा इनपुट चालतो. आउटपुट कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा तेही विचारा. 1 मायक्रोफॅरड आणि 10 किलोओहम म्हणजे 16 हर्ट्झला 3 डेसिबल घट.

जुळे सोलापूर : 16 हर्ट्झला घट म्हणजे खर्ज जाणार का?

सात रस्ता : ऐकू येईल इतका नाही, 32 हर्ट्झला जेमतेम 1 डेसिबल. उलट फायदाच आहे. वाकड्या रेकॉर्डचा 8 हर्ट्झचा हेलकावा 7 डेसिबलने कमी होतो. तो पुढे गेला की स्पीकरमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट होतो आणि पडदा विनाकारण हलत राहतो.

अक्कलकोट रोड : पण मग ट्यूबचा गोडवा कुठून येणार? कॅथोड फॉलोअरमध्ये पूर्ण फीडबॅक (आउटपुट परत इनपुटकडे देऊन विकृती कमी करणं) असतो, दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा सूर) अगदी थोडा उरतो. या अँपला जी मांडणी सोसते तिच्यात ट्यूबची चव नाही. चव आहे ती गेन स्टेजमध्ये, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या टप्प्यात. तिथे 20-23 डेसिबल गेन मिळतो, तुम्हाला तर शून्यही नको. 2 व्होल्ट आधीच जास्त आहेत. पॉट तळाशी अडकेल आणि ट्यूबची सरसर शांत खोलीत पॅनेलवर स्पष्ट ऐकू येईल.

होटगी रोड : त्याला तोड आहे. गेन स्टेज, मागे फॉलोअर, आणि केबलच्या अँपकडच्या टोकाला विभाजक: 9.1 किलोओहम मालिकेत, 1 किलोओहम जमिनीला. अँपचा 10 धरून साधारण 21 डेसिबल घट होते. सरसर आणि घुर्र दोन्ही त्याच मापाने खाली येतात, पॉट मधल्या वळणावर चालतो. 1 व्होल्टसाठी ट्यूबला 11 व्होल्ट द्यावे लागतात, दुसरा हार्मोनिक तिथेच वाढतो. ज्याला तो रंग हवा त्याला मिळतो. तुमचा 10 किलोओहमचा पॉट ही दुरुस्ती झाली, रंग नव्हे. मी रंगाची बाजू घेतो, आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

अक्कलकोट रोड : रंग हवा असेल तर हरकत नाही. पण सोलापुरातल्या लाईटचा विचार कोण करणार? मे महिन्यात व्होल्टेज 190 ला उतरलं तर 6.3 व्होल्टचा हीटर (ट्यूब तापवणारी तार) 5.2 वर येतो. ट्यूबला साधारण 10 टक्के चढउतार सोसतो, हा 17 टक्के झाला. हीटर रेग्युलेटेड डीसीवर नसेल तर सर्वो स्टॅबिलायझर धरून किंमत काढा. रिलेवाला स्टॅबिलायझर व्होल्टेजमध्ये पायऱ्या मारतो. दुसरं त्याहून वाईट. लाईट जाऊन आली की ट्रान्झिस्टर अँप लगेच जागा होतो आणि ट्यूब तापताना आउटपुट कपॅसिटर भरतो, त्याचा धक्का थेट स्पीकरवर. मिनिटभर उशिराने उघडणारा म्यूट रिले (तोवर आउटपुट बंद ठेवणारा स्विच) नसेल तर तो प्रीअँप घेऊच नका. शिवाय लाईट आल्यावर आपोआप चालू न होणारा नो-व्होल्ट स्विच पॉवर अँपला लावा.

होटगी रोड : म्यूट रिलेवर पूर्ण सहमत. हाताने चालवताना प्रीअँप आधी, अँप मिनिटभराने. बंद करताना अँप आधी.

नवी पेठ : पैसे खर्चण्याआधी पॅनेल तपासा. सिग्नल काढा, बायस (पडद्याला भार देणारं उच्च व्होल्टेज) चालू ठेवा, रात्री जाळीजवळ कान न्या. चट् चट् किंवा सतत फुसफुस ऐकू आली तर गळती आहे. पावसाळी दमट हवेत ती वाढते. एक बाजू हळू वाजत असेल तर बायसच्या गुणकातले (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटातले) डायोड किंवा कपॅसिटर गेलेले असू शकतात. साध्या मल्टिमीटरने तो बायस मोजू नका: 5 हजार व्होल्टच्या वर असतो, मीटर जळेल, हात जाईल, आणि खास प्रोबशिवाय आकडाही खोटा येईल. यंत्रमागाच्या भागात हवेत कापसाची तूस असते, पडद्याचा भार तिला ओढतो. आतलं धूळकव्हर फाटलेलं असेल तर ते आधी बदला.

अर्थिंगही बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की खड्ड्याचा रेझिस्टन्स चढतो. खड्ड्यात पाणी घाला, मग न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. घुर्र पुष्कळदा तिथूनच येते. आणि ईएसएल मागेही तेवढाच वाजतो, मागची भिंत 1 मीटरपेक्षा जवळ असेल तर आधी स्पीकर पुढे ओढा. मागे सोलापुरी चादर चौपदरी करून, भिंतीपासून 10 सेंटिमीटर सोडून टांगली तर वरच्या पट्टीचा परतावा कमी होतो. खर्जावर तिचा काही परिणाम नाही.

जुळे सोलापूर : 10 चा पॉट आधी लावतो. मग ट्यूब प्रीअँप दोन दिवस आणून तुलना करेन. कशी करावी?

अक्कलकोट रोड : दोन्ही जोडण्यांत स्पीकरच्या टोकांवर 100 हर्ट्झचा सूर वाजवून एसी व्होल्टेज मोजा. 2 व्होल्टपुरतं ठेवा आणि फरक 1 टक्क्याच्या आत आणा. तेवढा जुळवला नाही तर जे जरा मोठं वाजतं तेच गोड वाटतं.

होटगी रोड : आणि प्रीअँप अर्धा तास तापल्यावरच मोजा, गार ट्यूबचा गेन सरकत असतो. तुलना झाली की ट्यूबच्या काचेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा, आवाज बेताचा ठेवून. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक (हादऱ्यांचा आवाज सिग्नलमध्ये मिसळणारी) आहे, दुकानातच बदलून घ्या.