घंटा पिल्लाने वाजवायची की खूण माणसाने ओळखायची?

उंबरठा : “दाराला घंटा टांगा, आठ दिवसांत पिल्लू शी-शूसाठी बाहेर जाण्याची खूण शिकते,” असे काल या मंचावर कोणीतरी ठामपणे लिहिले होते, ते वाचल्यापासून स्वस्थता नाही. आमचे देशी पिल्लू दहा आठवड्यांचे असून आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. मी हाच प्रयोग आधी करून बसलो आहे. घुंगरांची माळ कडीला बांधली आणि तिसऱ्या दिवसापासून जिन्यात कबुतर फडफडले तरी घुंगरे वाजू लागली. मुळात पिल्लू सांगतच असते. खेळता खेळता ते एकदम थांबते, जमीन हुंगत गोल फिरते, दाराकडे जाऊन मागे वळून पाहते. झोपेतून उठल्यावर लगेच आणि खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर नेले की काम होते. या वयात ते दिवसा फार तर तीनेक तास धरून ठेवू शकते आणि घंटेने मूत्राशय मोठे होत नाही.

पितळी : दोष घंटेचा नसून आपला आहे. घुंगरे वाजताच आपण त्याला फिरवून आणत असाल, तर वाजवण्याचा अर्थ ‘सहल’ असाच त्याने घेतला असणार. वाजवल्यावर पट्टा लावून थेट ठरलेल्या जागी न्यावे, तीन-चार मिनिटे न बोलता उभे राहावे. त्याने केली तर तिथल्या तिथे खाऊ द्यावा, नाही केली तर गुपचूप घरी परतावे. आमच्या लॅब्रॅडॉरला हे उमजायला पाच आठवडे लागले, त्यामुळे ‘आठ दिवस’ ही थाप आहे हे मलाही मान्य आहे. मात्र आपण सांगता त्या खुणा टक लावून पाहणाऱ्यालाच दिसतात. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदू आहे. त्यांना गोल फिरणारे पिल्लू दिसत नाही, पण घंटा ऐकू येते.

जुना वाडा : आमच्या वेळी एकदा केलेल्या घाणीत नाक घासले की प्रश्न मिटत असे.

पितळी : प्रश्न मिटत नसे, सोफ्यामागे जात असे. मार खाल्लेले पिल्लू आपल्यासमोर करायचे टाळते आणि मग खूण देणेच बंद करते.

दुसरा डोस : घंटा राहू द्या. दहा आठवड्यांच्या पिल्लाला आपण सोसायटीच्या मातीवर उतरवताच कसे? लसींचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, चपलेला लागून घरात येतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. माझे पिल्लू चार दिवसांत गेले. त्यालाही ‘बाहेर करायची सवय’ लागावी म्हणूनच मी खाली नेत होते.

उंबरठा : आपले दुःख समजतो, परंतु मी बेफिकीर आहे असा आरोप यातून निघतो, तो स्वीकारणार नाही. मी त्याला कडेवर घेऊन खाली नेतो, आणि पशुवैद्यांनीच सांगितले आहे की बारा-चौदा आठवड्यांपर्यंत माणसे, गाड्या, आवाज दाखवले नाहीत तर कुत्रे आयुष्यभर बिचकते.

दुसरा डोस : कडेवरून रस्ता दाखवणे निराळे आणि इतर कुत्री जिथे घाण करतात तिथे खाली सोडणे निराळे. बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवायला काय हरकत आहे?

उंबरठा : हरकत अशी की सहाव्या महिन्यात तीच सवय मोडायची कोणी? शेजारच्या घरी दोन वर्षांचे कुत्रे आहे. तासभर फिरून येते आणि मग घरी येऊन बाल्कनीत करते.

पितळी : ट्रे दर आठवड्याला थोडा दाराकडे सरकवता येतो, आणि खालच्या ठरलेल्या जागेतली मूठभर माती नंतर कामी येते, कारण कुत्रे वासाने जागा ओळखते. पण आपल्याला चर्चा हवी आहे की विजय, ते आधी ठरवावे.

जुना वाडा : एका पिल्लाच्या शूसाठी ट्रे, घंटा आणि पाच आठवडे! आमची मुलेसुद्धा याहून लवकर शिकली.

दुसरा डोस : मुलांचेही नाक घासले होते काय?

उंबरठा : डोस पूर्ण होईपर्यंत खाली सोडणार नाही, एवढे मान्य करतो. आज सकाळी ट्रे आणला आणि घुंगरे बाल्कनीच्या दाराला बांधली. यावरून पितळी यांनी आपली सरशी झाली असे समजू नये. दुपारपर्यंत घुंगरे दोनदा वाजली. पहिल्यांदा खरोखरच काम होते. दुसऱ्यांदा कबुतर होते.