किटमधून बांधलेल्या बूस्टर पेडलवर गिटारचा आवाज वाढण्याऐवजी दबतो

प्रश्न : अंबाजोगाईहून

नमस्कार. मी अंबाजोगाईत राहतो आणि आमच्या भागातील एका ऑर्केस्ट्रात गेली काही वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम आणि त्याच्या आगेमागे लग्नसराई असते. तेव्हा सोलो वाजवायची वेळ आली की गिटारचा आवाज ढोलकी आणि कीबोर्डच्या खाली जातो, म्हणून पायाने चालू-बंद करता येईल असे बूस्टर पेडल मला हवे होते. आमच्याकडे अशी वस्तू बिघडली तर दुरुस्त करणारा कोणी नाही. निदान आत काय आहे ते आपल्याला कळावे, या हेतूने तयार पेडल न घेता किट मागवून स्वतः बांधायचे ठरवले.

किट एकाच ट्रान्झिस्टरचे (सिग्नल मोठा करणारा तीन पायांचा भाग) आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या जुन्या एलपीबी-१ पेडलच्या सर्किटवर ते बेतलेले आहे, असे सोबतच्या कागदावर लिहिले होते. सोल्डरिंगचा मला थोडाफार सराव आहे, कारण आमच्या स्पीकरच्या आणि माइकच्या वायरी मीच जोडतो. तरीही बसवताना वाकवावाकवी झाली आणि किटमधल्या २एन५०८८ ट्रान्झिस्टरचा एक पाय मुळापासून तुटला. तो नग लातूरला मिळाला नाही. तिथल्या दुकानदाराने बीसी ५४७ दिला आणि हा त्या जागी चालतो, असे सांगितले. पीसीबीवर (सगळे भाग जिच्यावर सोल्डर होतात त्या पट्टीवर) छापलेल्या अर्धगोल खुणेशी सपाट बाजू जुळवून मी तो बसवला.

आता पेडल बंद असताना गिटारचा आवाज स्वच्छ जातो. फूट स्विच दाबून चालू केले की एलईडी लागतो, पण आवाज वाढत नाही. उलट तो गोधडीखालून आल्यासारखा बोथट होतो आणि मागे सतत फसफस ऐकू येते. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचे बटण) पूर्ण फिरवला तरी फरक नगण्य पडतो. नवी ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर ९.१ दाखवते आणि सर्किटच्या कागदानुसार जिथे कलेक्टर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) आहे त्या ठिकाणी ८.१ व्होल्ट येतात. सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर मी दोनदा तपासले आहेत. चूक कुठे असावी?

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. किटसोबत डबी नव्हती, म्हणून सध्या सर्किट प्लास्टिकच्या डब्यात बसवले आहे. त्यात घुंऽऽ असा आवाज येतो आणि गिटारच्या तारांना हात लावला की तो थोडा कमी होतो. दुसरे असे की बॅटरीऐवजी घरातील जुन्या वाय-फाय राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर वापरला तर चालेल का? त्याची पिन जॅकमध्ये बरोबर बसते.

उत्तर : छत्रपती संभाजीनगरहून

तुम्ही कलेक्टरवरचे व्होल्टेज मोजून लिहिलेत, त्यामुळे अंदाज करत बसावे लागत नाही. तुमचा ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे.

सपाट बाजू आपल्या डोळ्यांसमोर आणि पाय खाली असे धरले, तर २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर या क्रमाने येतात. बीसी ५४७ तसाच धरला तर क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असा असतो. दोघांचा आकार एक, रंग एक आणि मधला पाय दोघांतही बेसचाच, म्हणून छापील खुणेप्रमाणे बसवणाऱ्याला शंका येण्याचे कारण नसते. दुकानदारानेही तुम्हाला चुकीचे सांगितले नाही. हा नग त्या जागी चालतो, पण अर्धा वळसा फिरवून.

उलटा ट्रान्झिस्टर पूर्ण मुका राहत नाही, म्हणूनच असा दोष शोधताना माणूस चकतो. एमिटर आणि कलेक्टर यांची अदलाबदल झाली तरी थोडेसे वर्धन होते, मात्र करंट गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) काहीशेवरून एक आकडी होतो. त्याचा परिणाम दोन बाजूंनी दिसतो. एक म्हणजे ट्रान्झिस्टरमधून पुरेसा करंट वाहत नाही, त्यामुळे १० किलोओहमच्या कलेक्टर रेझिस्टरवर जेमतेम एक व्होल्ट पडतो आणि उरलेले ८.१ तुम्हाला मीटरवर दिसतात. दुसरे म्हणजे बेसकडून दिसणारा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार खाली येतो. गिटारचा पिकअप (तारांची कंपने पकडणारा भाग) म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल, तिच्यावर असा भार पडला की वरच्या पट्टीतले तेज आधी जाते. तुम्ही ज्याला गोधडीखालचा आवाज म्हणता तो हाच.

फसफशीचे कारणही इथेच आहे. बीसी ५४७ च्या बेस-एमिटर जोडावर उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच दाब चालतो. तुमच्या जोडणीत त्या जोडावर सातच्या वर व्होल्ट येत आहेत, म्हणजे तो ब्रेकडाउनच्या हद्दीत गेला आहे, आणि अशा अवस्थेतला जोड भरपूर नॉइज निर्माण करतो. त्या काळात ट्रान्झिस्टरचा गेनही कायमचा उतरू शकतो. म्हणून बसवलेला नगच काढून फिरवू नका, नवा लावा. मिळाला तर बीसी ५४९ घ्या. पायांचा क्रम ५४७ चाच आहे आणि तो कमी नॉइजसाठी बनवलेला आहे.

काढताना घाई करू नका. तिन्ही पाय एकदम तापवून ओढायला गेलात तर पीसीबीवरचा तांब्याचा ट्रॅक उचलला जातो आणि मग दुरुस्ती अवघड होते. आधी वरच्या बाजूने ट्रान्झिस्टरचे पाय बारीक कटरने तोडून डोके बाजूला करा. नंतर एकेक तुकडा तापवून चिमट्याने काढा आणि भोके सकरने (वितळलेले सोल्डर ओढून घेणारे साधन) मोकळी करा. माझी आणखी एक सूचना आहे. आठ पायांच्या आयसीचे सॉकेट कापून तीन भोकांची पट्टी तयार करा आणि ती तिथे सोल्डर करा, म्हणजे ट्रान्झिस्टर नुसता खोचता येतो आणि पुढे हवा तेव्हा बदलता येतो.

खोचण्यापूर्वी नव्या नगाचे पाय मीटरवर ओळखा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल प्रोब मधल्या पायाला आणि काळा आळीपाळीने दोन्ही कडेच्या पायांना लावा. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या दरम्यान आकडा येईल, पण तो तंतोतंत सारखा नसेल. ज्या पायावर आकडा किंचित मोठा येतो तो एमिटर. फरक तिसऱ्या दशांश स्थळावरचा असतो, त्यामुळे प्रोब घट्ट टेकवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

नवा ट्रान्झिस्टर बरोबर बसल्यावर कलेक्टरवर साधारण ४ ते ६ व्होल्ट यायला हवेत. या सर्किटमध्ये ४३० आणि ४३ किलोओहमचे दोन रेझिस्टर बेसला सुमारे ०.८ व्होल्ट देतात, त्यातले ०.६ बेस-एमिटर जोड घेतो आणि उरलेले एमिटरच्या ३९० ओहमवर पडतात. त्यावरून करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि १० किलोओहमवर चार-पाच व्होल्ट पडतात. कलेक्टर असा बॅटरीच्या मध्याशी राहिला की आवाजाच्या लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे जागा मिळते. वर्धन किती होईल हेही याच आकड्यांतून कळते. १० किलोओहमला ३९० ओहमने भागले की पंचविसाच्या आसपास संख्या येते, प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते. ऑर्केस्ट्रातल्या सोलोसाठी इतके पुष्कळ आहे, बहुधा पॉट अर्ध्यावरच ठेवावा लागेल.

उत्तर : नांदेडहून

ट्रान्झिस्टरबद्दल वर सविस्तर आले आहे, त्यामुळे मी अडॅप्टरपुरतेच लिहितो. राउटरचा अडॅप्टर कृपया लावू नका. गिटार पेडलच्या जॅकमध्ये मधली पिन ऋण आणि बाहेरची बाजू धन असते, तर राउटरच्या बहुतेक अडॅप्टरांत मधली पिन धन असते. प्लगचे माप जुळते, ध्रुव जुळत नाहीत. अडॅप्टरवर अर्धवर्तुळ आणि ठिपका असलेली छोटी आकृती छापलेली असते, तिच्यात मधल्या ठिपक्याला वजा चिन्ह जोडलेले दिसले तरच तो आपला.

तुमच्या किटमध्ये ९ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १एन४००१ डायोड आडवा लावलेला असेल, तर उलटा अडॅप्टर लागताच तो डायोड सगळा करंट स्वतःकडे घेऊन सर्किट वाचवतो. मात्र त्यात अडॅप्टर किंवा डायोड तापून जाऊ शकतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. ध्रुव जुळणारा अडॅप्टर मिळाला तरी तो रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) असावा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या अडॅप्टरात १०० हर्ट्झची घरघर उरते आणि बूस्टर तीही वाढवून पुढे पाठवतो. साध्या इन्व्हर्टरवर ही तक्रार आणखी वाढते, आणि वीज गेल्यावर आपल्याकडचे निम्मे कार्यक्रम त्यावरच पुढे चालतात. तुमचे सर्किट अर्धा मिलिअँपिअर खाते, एलईडी धरून काही मिलिअँपिअर. एवढ्यासाठी मी तरी बॅटरीवरच राहीन. फक्त कार्यक्रम संपला की इनपुटची केबल काढून ठेवा, कारण किटमध्ये बहुधा इनपुटला स्टिरिओ जॅक असतो आणि मोनो प्लग आत असेपर्यंत बॅटरीची ऋण बाजू त्यातूनच जोडलेली राहते.

एक गोष्ट सर्किटबाहेरची, पण माझ्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची. साउंड चेकच्या वेळी मिक्सरवाल्याला बूस्टर चालू करून सर्वांत मोठा सोलो ऐकवा आणि लेव्हल त्यावर ठरवून घ्या. तसे केले नाही तर पहिल्याच सोलोला तो फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो आणि पेडल बंद केल्यावर तुमची गिटार ऐकूच येत नाही. माझ्या बाबतीत असे एका लग्नात झाले होते. पूर्ण कार्यक्रमभर मी वाजवत राहिलो आणि पुढच्या रांगेतल्या माणसापर्यंतही काही पोहोचले नाही.

उत्तर : परभणीहून

प्लास्टिकच्या डब्याबद्दल माझा अनुभव कामी येईल. मी पहिले फझ पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारे) असेच प्लास्टिकमध्ये बांधले होते आणि गिटार वाजवायचे थांबलो की त्यातून परभणी आकाशवाणीचे निवेदन बारीक आवाजात ऐकू येत असे. उघडी वायर अँटेनाचे काम करते आणि ट्रान्झिस्टरचा जोड मध्यम लहरींचा सिग्नल डिटेक्ट करतो. तुमच्याकडचे घुंऽऽ त्याच वाटेने येते, फक्त ते घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झचे आहे. तारांना हात लावल्यावर ते कमी होते, यावरून तुमची गिटार आणि केबल यांचे ग्राउंड ठीक आहे आणि शील्डिंग कमी पडते आहे, असे समजावे.

उपाय धातूच्या डबीचा आहे. पेडलसाठी ओतीव अॅल्युमिनियमची १५९०बी मापाची डबी मिळते, ती सुमारे ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरची असते. ती मागवेपर्यंत अॅल्युमिनियमचा जुना जेवणाचा डबा वापरला तरी चालतो. स्टीलच्या डब्याच्या वाटेला जाऊ नका. घरगुती ड्रिलचे बिट त्यावर घसरते आणि पत्रा हाताला लागतो. आधी पंचाने खूण, मग ३ मिलिमीटरचे भोक आणि मग मोठे बिट असे करत गेल्यास भोक सरकत नाही. जॅकला साधारण १० आणि फूट स्विचला १२ मिलिमीटर लागते, पॉटला ७ पुरते, पण कॅलिपर असेल तर आपल्या नगावर मोजूनच घ्यावे.

अॅल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही, त्यामुळे डबीला ग्राउंड जॅकच्या नटमधून द्यावे लागते. जॅक जिथे टेकतो तेथील आतला रंग किंवा ऑक्साइडचा थर पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि नट आवळून मीटरची बीप घ्या. एक प्रोब जॅकच्या स्लीव्हवर (ग्राउंडच्या बाजूवर), दुसरा डबीच्या दुसऱ्या टोकाला. पॉटच्या पाठीवर चिकटपट्टी लावायला विसरू नका, नाहीतर झाकण बंद केल्यावर तिचा धातू पीसीबीच्या सोल्डरला टेकतो. इनपुट जॅकपासून स्विचपर्यंतची वायर शील्डेड घेतली तर अधिक चांगले.

प्रश्नकर्ता : अंबाजोगाईहून

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बीसी ५४९ लातूरला मिळाला. मीटरवर एका कडेला ०.६६१ आणि दुसऱ्या कडेला ०.६५६ आले, त्यावरून एमिटर ओळखला आणि सपाट बाजू छापील खुणेच्या उलट ठेवून पट्टीत खोचला. कलेक्टरवर आता ४.९ व्होल्ट आहेत. पहिला कॉर्ड वाजवला तेव्हा अँपचा आवाज इतका मोठा आला की घरातले सगळे दारात येऊन उभे राहिले. फसफस गेली आहे. अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवल्यावर घुंऽऽ जवळजवळ ऐकू येत नाही.

एकच अडचण उरली आहे. फूट स्विच दाबताना स्पीकरमधून खट्ट असा मोठा आवाज येतो. लगेच पुन्हा दाबले तर तो कमी येतो, बराच वेळ थांबून दाबले की जास्त.

उत्तर : छत्रपती संभाजीनगरहून

कलेक्टरचा आकडा वाचून समाधान वाटले. तो खट्ट आवाज इनपुटच्या कपॅसिटरचा आहे. पेडल बंद असताना त्याची बाहेरची बाजू कशालाच जोडलेली नसते आणि कपॅसिटरमधून होणाऱ्या सूक्ष्म गळतीने तिच्यावर हळूहळू व्होल्टेज चढते. स्विच दाबताच ते एकदम गिटारमधून ग्राउंडकडे उतरते, म्हणून जितके जास्त थांबाल तितका आवाज मोठा. पीसीबीच्या इनपुट पॅडपासून ग्राउंडपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. पाच पट्ट्यांचा असेल तर तपकिरी, काळा, काळा, पिवळा, तपकिरी असे रंग येतील. चौथी पट्टी पिवळी आहे की नारिंगी हे उन्हात पाहून ठरवा, कारण नारिंगी असेल तर तो १०० किलोओहमचा आहे आणि गिटारचे तेज पुन्हा थोडे उतरेल. त्या जागी पीसीबीवर भोक नसेल तर रेझिस्टरचे एक टोक इनपुटच्या वायरीच्या सोल्डरवर आणि दुसरे शेजारच्या ग्राउंडवर लावले तरी पुरते.

एलईडी एकदम पेटल्यामुळेही थोडा टक्क आवाज येऊ शकतो. रेझिस्टर लावूनही काही उरले तर एलईडीची वायर तात्पुरती काढून स्विच दाबून पाहा आणि इथे कळवा.

प्रश्नकर्ता : अंबाजोगाईहून

१ मेगाओहम लावला. दहा मिनिटे थांबून दाबून पाहिले, आता फक्त स्विचचाच आवाज येतो, स्पीकरमधून काही नाही. एलईडीला हात लावावा लागला नाही.