अपंगत्वामुळे वाढणारा खर्च सरकार कुठे धरते का?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. माझे थोरले बंधू दोन वर्षांपूर्वी घर शाकारताना छपरावरून पडले आणि मणक्याला इजा होऊन त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. प्रमाणपत्रावर ८५ टक्के अपंगत्वाची नोंद आहे आणि निळे यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचे ओळखपत्र) मिळाले आहे. मात्र कर्नाटक सरकारच्या अंगविकल वेतनाचा (दिव्यांगांना दरमहा मिळणाऱ्या रकमेचा) अर्ज नामंजूर झाला, कारण रेशनकार्ड एकत्र असल्याने माझा खाजगी नोकरीतला पगार उत्पन्नाच्या दाखल्यात धरला गेला आणि वार्षिक ३२,००० रुपयांची मर्यादा ओलांडली.

दाखला देताना घरात किती येते हे विचारले गेले. किती जाते हे कोणीच विचारले नाही. लघवीच्या पिशव्या, कॅथेटर, डायपर, आणि बसची पायरी चढता येत नसल्याने बेळगावला तपासणीसाठी नेताना करावी लागणारी गाडी, हा खर्च धडधाकट माणसाच्या घरात नसतोच. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गादीचा पंप दिवसरात्र घरघरत असतो आणि पंखाही बंद करता येत नाही. गृहज्योती योजनेत मोफत वीज मिळते ती २०२२-२३ च्या सरासरीइतकी आणि वर थोडीशी; त्या वर्षी दादा स्वतःच्या पायांनी शेतावर जात होते. त्यामुळे वाढीव युनिटांचे बिल येते. असा खर्च लक्षात घेणारी एखादी तरतूद आहे का?

निपाणीकर_निवृत्त

थेट खर्च मोजून पैसे देणारी योजना माझ्या तरी पाहण्यात नाही. पण कायद्याने हा विचार केलेलाच नाही, असे म्हणता येणार नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ मध्ये असे म्हटले आहे की, दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावे. आता आपल्या राज्यातले आकडे पाहा. जुलै २०२१ मध्ये संध्या सुरक्षा (वृद्धांचे वेतन) १,००० वरून १,२०० रुपये झाली आणि ४० ते ७५ टक्के अपंगत्वाचे वेतन ६०० वरून ८०० रुपये झाले. ७५ टक्क्यांपुढे १,४०० रुपये. १,२०० वर पंचवीस टक्के धरले तर १,५०० होतात. म्हणजे तीव्र शारीरिक अपंगत्वालाही शंभर रुपये कमीच, आणि ८०० रुपये तर धडधाकट वृद्धाच्या वेतनाच्याही खाली. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पळवाट त्याच कलमात आहे, हेही खरे.

वेतनासाठी उत्पन्नाची अटही त्याच कलमाने मान्य केली आहे. परंतु मोठ्या आधाराची गरज असलेल्यांच्या काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख करताना तिथे उत्पन्नाची अट घातलेली नाही. निवेदन द्यायचेच असेल, तर या मुद्द्यावर द्यावे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार ते मराठीतही देता येते.

महाराष्ट्राकडून काही मिळेल का, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच सांगतो. संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. सीमाभागातील ८६५ गावांसाठी जनआरोग्य योजनेचा निर्णय झाला, तो रुग्णालयातील उपचारांचा. डायपर त्यात बसत नाहीत.

टिळकवाडी_हिशेब

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. आयकर कायद्यात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठी वजावट आहे: ८० टक्के किंवा अधिक अपंगत्वाला १,२५,००० रुपये, त्याखाली ७५,०००. प्रत्यक्षात खर्च किती झाला, याच्याशी वजावटीच्या रकमेचा संबंध नाही. अर्थात ही सोय जुन्या करप्रणालीपुरती आहे, आणि तुमचा पगार करपात्रच नसेल तर तिचा उपयोग शून्य. खर्च आहे हे सरकारने मान्य केले ते कर भरणाऱ्याच्या बाबतीत. ज्याला कर लागण्याइतके मिळतच नाही त्याने मात्र दाखल्यासाठी रांगेत उभे राहायचे. शिवाय करासाठी भाऊ तुमच्यावर अवलंबून असला की फायदा, आणि वेतनासाठी त्याच कारणावरून नकार, ही गंमत निराळीच.

चिकोडीची_ताई

दादा, वेतनासाठी अपील जरूर करा, पण त्याच्या निकालापर्यंत थांबू नका. ग्रामपंचायतीच्या निधीतील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते. तुमच्या पंचायतीत नेमलेला ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता, ज्याला आपल्याकडे सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, त्याला गाठा आणि लेखी अर्ज द्या. अर्जात 'मदत मिळावी' असे मोघम लिहू नका. महिन्याला पिशव्या किती, डायपर किती, गाडीच्या फेऱ्या किती, हे औषध दुकानाच्या पावत्यांसह लिहा. माझ्या बहिणीच्या वेळी पहिला अर्ज तसाच पडून राहिला; दुसऱ्याला पावत्या टाचल्या, तेव्हा निदान ग्रामसभेत तो वाचला तरी गेला. अर्ज दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. पावत्या आजवर आम्ही टाकूनच देत होतो. काल वहिनींनी गादीखाली ठेवलेल्या सात सापडल्या. विजेच्या बिलांसह त्या लावून अर्ज मराठीत लिहीत आहे.