चेन एका जागी घट्ट, एका जागी सैल – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाइक मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवलं की चेन एका जागी ताठ होते, पुढे गेलं की लोंबते. मॅन्युअलमध्ये ढिलाई २५ ते ३५ मिमी दिलीय. मी ती घट्ट जागीच मोजतो, कारण सैल जागी मोजून ताणली तर घट्ट जागी सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. सोबतच्या रायडर्सना हे अजिबात पटत नाही.

घट्ट जागेवर खडूने खूण केली. ताण त्याच कड्यांसोबत फिरतो, चाकासोबत नाही. म्हणजे दोष चेनमध्येच असावा ना? चेन ओ-रिंगची आहे, म्हणजे कड्यांच्या सांध्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा असलेली. रॉकेलने धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल लावतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळतो, रबरी रिंगा जातात त्याने. तरी त्या कड्या मोकळ्या होत नाहीत.

आता खरा पेच: मेकॅनिक म्हणतो पूर्ण सेट बदला (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं), मित्र म्हणतो नुसती चेन पुरे. स्प्रॉकेटचे दात अजून आकड्यासारखे वळलेले नाहीत. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवून चालवलेल्यांनी कृपया सांगा, ती लवकर झिजली का? आणि तोवर अशा चेनवर हायवेला जाणं कितपत सुरक्षित?