शाईतलं पांढरं फूल रंगतं, पण पाणी वर कोण ओढतं हे मुलांना कसं दाखवायचं?

प्रश्न
आठवीला वनस्पतींमधलं पाण्याचं वहन शिकवायचं आहे. शाईच्या पाण्यात पांढरी शेवंती ठेवली की पाकळ्यांच्या कडा तेवढ्या निळसर होतात, त्याही दुसऱ्या दिवशी. तास ४० मिनिटांचा. वर मुलांचा निष्कर्ष असा की देठ स्पंजसारखा पाणी शोषतो. प्रयोगात काय बदलावं?

प्रतिसाद १
आधी रंग बदला. पूर्ण विरघळणारा खाण्याचा रंग घ्या, १०० मिलि पाण्यात पाव चमचा पूड, चांगला गडद लाल. पोस्टर कलर किंवा हळद नको. त्यांचे कण विरघळत नाहीत, कापलेल्या टोकाशी साचून वाट बुजवतात.

फुलाऐवजी तेरडा घ्या, तोही पांढऱ्या फुलांचा. त्याचं खोड फिकट हिरवं, जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे चढणाऱ्या लाल रेषा बाहेरूनच दिसतात. लालसर खोडाच्या तेरड्यात काही कळत नाही.

फांदी पाण्याखाली धरून तिरपी कापा. हवेत कापली तर जलवाहिनीतलं (खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या बारीक नळीतलं) ताणलेलं पाणी झटकन मागे सरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. बुडबुडा अडकला की ती नळी बाद. निम्मे प्रयोग इथेच फसतात.

मुळासकट रोप ठेवू नका. धड मुळाची अंतस्त्वचा, म्हणजे आतला गाळणीसारखा थर, बराचसा रंग अडवते, आणि मुळं तुटलेली असतील तर रंग भराभर चढतो. मुलांना दोन्हींतून चुकीचाच अर्थ लागतो.

पंख्याखाली ठेवलेल्या फांदीत अर्ध्या तासात बऱ्यापैकी रंग चढतो. तरी दोन तास आधी लावलेली एक फांदी हाताशी असू द्या. तिचा ब्लेडने पातळ आडवा छेद घेतला की भिंगातून लाल ठिपक्यांचं कडं दिसतं, मधला भाग कोराच. स्पंज असता तर सगळंच लाल झालं असतं.

प्रतिसाद २
छेदाने वाट कळते, ओढ कळत नाही. त्यासाठी सारख्या जाडीच्या, सारख्या पानांच्या तीन फांद्या घ्या. एकीची पानं तशीच ठेवा, दुसरीच्या पानांना खालून व्हॅसलीन लावा (बहुतेक पर्णरंध्रं, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, तिथेच असतात), तिसरीची सगळी पानं काढा आणि जखमांवरही व्हॅसलीन लावा. प्रत्येकीला ५० मिलि पाणी, वर तेलाचा थर. फांदी आधी, तेल नंतर! उलट केलंत तर टोक तेलातून खाली जातं आणि तोंड बंद होतं. चौथ्या भांड्यात तुलनेसाठी नुसतं पाणी आणि तेल.

२४ तासांनी मोजपात्राने उरलेलं पाणी मोजा. बिनपानांच्या फांदीनेही थोडं पाणी घेतलेलं असेल. मुलांचा स्पंज तेवढाच. बाकीची ओढ पानांची.

प्रतिसाद ३
एक भर. "केशाकर्षणाने पाणी शेंड्यापर्यंत जातं" हे वाक्य फळ्यावर लिहू नका. केशाकर्षण म्हणजे बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं. २० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत केशाकर्षणाने पाणी जेमतेम ७५ सेंमी चढतं आणि सर्वांत उंच रेडवूड झाडं ११५ मीटरच्या आसपास आहेत. पानातून पाणी उडालं की पेशीभित्तींतल्या सूक्ष्म छिद्रांत ताण निर्माण होतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे तो ताण थेट मुळांपर्यंत पोचतो. हा सिद्धान्त डिक्सन आणि जॉली या शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडला.

प्रश्नकर्ता
मग मूलदाबाचं, म्हणजे मुळं पाणी वर ढकलतात त्या दाबाचं काय? पाठात तोही आहे.

प्रतिसाद ३
तो आहेच, पण बाष्पोच्छ्वास (पानांतून पाण्याची वाफ उडणं) मंदावतो तेव्हा, म्हणजे मुख्यतः रात्री, जाणवतो. कुंडीतल्या गव्हाच्या कोवळ्या रोपांना संध्याकाळी भरपूर पाणी घालून वर काचेचं भांडं पालथं घाला. सकाळी पात्याच्या अगदी टोकाला एकेक टपोरा थेंब दिसेल. दव असतं तर पातं सगळीकडे ओलं झालं असतं. मात्र कापलेल्या फांदीवर हे दाखवायला जाऊ नका, तिला मूळच नाही.