मदत हवी आहे: गावच्या कौलारू घराला बाहेरून कोणते रंग द्यावेत?

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात आमचं गावचं घर आहे. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, त्यावर सिमेंटचा गिलावा, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, पडवीपुढे खळं, म्हणजे अंगण. शिमग्याला पालखी घरी येते, त्याच्या आत घर बाहेरून रंगवून घ्यायचं असं ठरलंय. एकमत झालं ते इथपर्यंतच.

घर सामाईक, त्यामुळे प्रत्येकाचा रंग वेगळा. काकांना अबोली हवाय. आईला पिस्ता. पुण्यातल्या चुलतभावाला राखाडी आणि पांढरा, शिवाय कडेने काळा पट्टा, म्हणजे थोडक्यात त्याची सोसायटी. बहीण पणजीचं फोंतेन्हास, ती रंगीत घरांची जुनी वस्ती, बघून आल्यापासून गडद निळ्याच्या मागे लागली आहे. पेंटर शांत. "तुम्ही फक्त नंबर सांगा" म्हणतो आणि शेडकार्ड पुढे करतो. त्यात पांढऱ्याचेच इतके प्रकार आहेत की माणूस पहिल्याच पानावर दमतो.

घराची माहिती देतो. तोंड पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर. मागे फणस आणि आंब्याची झाडं, ती भिंत कायम सावलीत. पाऊस संपेपर्यंत हिरवी-काळी होऊन जाते. भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांवर पागोळ्यांनी तांबडी माती उडते, ते डाग काही केल्या जात नाहीत. जोतं उघड्या चिऱ्याचं. दारं-खिडक्या फणसाच्या, पॉलिश केलेल्या, त्यांना रंग लावायचा नाही. कौलं जुनीच राहणार, फक्त उतरवून धुऊन परत चढवणार. सध्या भिंतींवर फिकट आकाशी आहे, त्याचे जागोजागी पापुद्रे सुटलेत.

दोन किंवा तीन रंगांची जोडी सुचवा, जी कौलांशी जमेल आणि चार पावसाळे तरी बरी दिसेल. मोबाइलवरच्या रंग दाखवणाऱ्या ॲपमध्ये सगळे प्रयोग करून झालेत. त्यात आमचं घर प्रत्येक रंगात हॉटेल दिसतं.

पागोळी
राखाडी नको, हे आधी सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळच राखाडी असतं. त्या उजेडात राखाडी घर म्हणजे रंग न दिलेलं सिमेंट. आमच्या वाडीत एकांनी दिलाय, आणि पहिल्या पावसात येणारे-जाणारे त्यांना विचारायचे, "रंग कधी देताय?"

तुमच्या घराचा सगळ्यात मोठा रंग कौलांचा आहे आणि तो ठरलेलाच आहे. खाली अंगणातली माती आणि जोत्याचा चिरा, तेही त्याच घराण्यातले, तांबडे-तपकिरी. भिंतीला त्यांच्यात खपून जाईल असा उबदार फिकट रंग घ्या: केतकी, श्रीखंडी किंवा बदामीकडे झुकणारा मोतिया. निळसर झाकेचा पांढराशुभ्र कौलांखाली फटफटीत दिसतो. अबोलीचं म्हणाल तर कौलं आणि भिंत एकमेकांना खातील. काकांना हे तुम्हीच सांगा.

खालचा पट्टा मात्र कावेच्या रंगाचा द्याच. सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या जुन्या देवळांवर कावीची नक्षी बघितली असेल, पांढऱ्या चुन्यावर तांबडी काव. आपल्या मातीत ती जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. शिवाय उडालेली माती त्या पट्ट्यात कुणाला दिसणारही नाही.

अंगणवेल
पिस्ता. आईचं ऐका आणि विषय संपवा.

जुना ब्रश
या धंद्यात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. रंग कुठला ते सावकाश ठरवा, आधी भिंतीवर हात फिरवा. तळवा पांढरा झाला तर खालचा चुना सुटलाय. त्यावर कितीही महागाचं एक्स्टिरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा पाण्यात कालवायचा रंग, मारा, ते चुन्याला धरतं आणि चुना भिंतीला धरत नाही. मग सगळं चादरीसारखं सुटून येतं. तुमच्या आकाशीचं बहुतेक हेच झालंय.

पत्र्याने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, भिंत धुवा. मागच्या शेवाळलेल्या भिंतीला ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून थोडा वेळ मुरू द्या, मग घासून साध्या पाण्याने धुवा आणि कडकडीत वाळू द्या. शेवाळ मुळापासून काढलं नाही तर ते नव्या रंगातून डोकं काढतंच. त्यानंतर भेगा भरणं, प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन हात. जिथे गिलावा पडलाय तिथे नव्याने करणार असाल तर ते काम आज काढा. नवा गिलावा पाणी मारून पिकवून वाळायला महिनाभर द्यावा लागतो, आणि शिमगा कुणासाठी थांबत नाही.

जोत्याच्या चिऱ्याला ऑइलपेंट लावू देऊ नका. "चकाचक दिसेल" असं कुणीतरी म्हणणारच. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल ओढतो. वरून ऑइलपेंटने तोंड बंद केलं की ती ओल रंगाला फुगे आणून बाहेर पडते. चिरा उघडाच ठेवा, फार तर दगडांमधले सांधे नीट भरून घ्या.

आता रंगाचं. काव, पिवळी माती, तपकिरी हे सगळे लोखंडाच्या ऑक्साइडचे रंग, उन्हाला सहसा दाद देत नाहीत. झगझगीत नारिंगी, गुलाबी, लिंबोणी, जांभळा यांच्यात बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, पश्चिमेच्या उन्हात ती लवकर उडतात. काही शेड बाहेर वापरू नका असं कंपन्याच सांगतात. नंबर पक्का करण्याआधी दुकानदाराला तेवढं विचारून घ्या.

ईशान्य
पश्चिममुखी घराला वास्तुप्रमाणे कोणता रंग चालतो ते बघितलंत का?

धागाकर्ता
@ईशान्य, वास्तू हे खातं काकांकडे आहे. त्यांनी अबोलीला आधीच पास केलंय.

@जुना ब्रश, हात फिरवून बघितला. तळवा पांढरा झाला, मागच्या भिंतीला तर हिरवा. खरवडायला पेंटर वेगळे पैसे मागतोय. "वरून पुट्टी मारली की सगळं झाकतं" असं त्याचं म्हणणं.

जुना ब्रश
झाकतं, पावसाळ्यापर्यंत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सुटलेल्या चुन्यावरची पुट्टी तिथे टिकणार नाही. बाहेर पुट्टी खड्डे-भेगांपुरती, तीही पांढऱ्या सिमेंटची. खरवडण्याचे पैसे द्या आणि ते काम चालू असताना कुणीतरी खळ्यात खुर्ची टाकून बसा. काकांना बसवा.

मांडवीकाठ
ताईंच्या निळ्याबद्दल थोडं लिहितो, मी पणजीतच राहतो. फोंतेन्हासची घरं उठून दिसतात त्याचं कारण एकटा निळा नाही. गल्ल्या अरुंद, घराला घर चिकटलेलं, एक पिवळं, एक निळं, एक लाल, आणि दारं-खिडक्यांभोवती व कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या. तिथे शेजारचं घर तुमच्या घराचा अर्धा रंग असतो. तुमचं घर आंबा-फणसात एकटं उभं आहे. गडद हिरव्या झाडांपुढे गडद निळी भिंत लांबून नुसती काळपट दिसेल, आणि पश्चिमेची असल्यामुळे संध्याकाळी पडवीत बसवणार नाही इतकी तापेल.

हे तापण्याचं आकड्यात बघायचं तर बऱ्याच शेडकार्डांवर किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही दिलेला असतो. तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचं ते माप: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. मी तुमच्या जागी असतो तर पश्चिमेच्या मोठ्या भिंतीला ६०च्या खालचा रंग घेतला नसता. पट्ट्याला कमी चालेल.

फोंतेन्हासमधून घ्यायचंच तर ती पांढरी पट्टी घ्या. खिडकीभोवती चार बोटं रुंद दिली तरी घराचा चेहरा बदलतो, आणि तुमच्या फणसाच्या चौकटी त्यात छान उठतील.

पागोळी
+१ पांढऱ्या पट्टीला. फक्त कडा सुतासारख्या सरळ हव्यात. पेंटरला चिकटपट्टी लावून करायला सांगा, "हाताने मारतो, सवय आहे" यावर जाऊ नका.

आणि शेडकार्डावरून ठरवू नका. कार्डावरचा चौकोन दिव्याखाली बघतो आपण. तोच रंग अख्ख्या भिंतीवर उन्हात बराच उजळ आणि भडक वाटतो. जो आवडेल त्याच्या शेजारचा जरा मळकट नंबर पण आणा. दुकानात छोटे डबे मिळतात. समोरच्या आणि मागच्या, दोन्ही भिंतींवर खरवडलेल्या जागी प्रायमर मारून हातभर चौकोन काढा आणि सकाळ, दुपार, दिवेलागण अशा तिन्ही वेळांना बघा. चौकोनाभोवतीचा जुना आकाशी डोळ्याला फसवतो, म्हणून भोवती पांढरा कागद धरा.

अजून एक. बादलीत अंगणातली माती कालवा आणि चौकोनांवर फेका. सुकल्यावर ओल्या फडक्याने पुसा. पागोळ्यांचं सोंग आत्ताच करून घेतलेलं बरं.

धागाकर्ता
सगळं केलं. चिखल फेकायला वाडीतली पोरं आनंदाने आली, एकाने दारावरही फेकला.

निकाल असा. पिस्ता समोरच्या भिंतीवर दुपारी चांगला दिसला. मागच्या भिंतीवर झाडांची हिरवी झाक पडून शेवाळासारखा दिसायला लागला. आई स्वतःच म्हणाली, "हे तर आपण आत्ताच घासून काढलं." पिस्ता बाद. पांढरट मोतियावर चिखल पुसला तरी गिलाव्याच्या बारीक खड्ड्यांत तांबूस ठिपके राहिले, लांबून भिंतीला गोवर आल्यासारखं. केतकीवर तेच ठिपके होते, पण पाच पावलं मागे गेल्यावर दिसेनात. कावेच्या चौकोनावर चिखल कुठे पडला होता ते शोधावं लागलं. राखाडीचा चौकोन चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर तो म्हणाला, "तिथे अजून काही लावलं नाहीये ना?" मी काही बोललो नाही.

अबोली कार्डावर गोड दिसतो, संध्याकाळच्या उन्हात मात्र पार नारिंगी झाला. काका बघत उभे होते. "आमच्या वेळचा अबोली असा नव्हता" एवढंच म्हणाले. आजोबांच्या वेळी चुन्यात रंग कालवून देत असत, तो फिकट असणार. त्यांचं मन मोडवत नाही. काही तोड आहे का?

पागोळी
पडवीच्या आतल्या भिंतीला द्या की. तिथे पाऊस लागत नाही, कौलं खाली उतरलेली असतात म्हणून ऊनही बेताचंच, आणि कौलांच्या शेजारी थेट येत नाही. दुकानदाराला शेड अर्धी करून मागा, म्हणजे त्याच रंगाची मात्रा निम्मी. तो बराचसा काकांच्या आठवणीतला निघेल. पालखी खळ्यात नाचून पडवीत टेकेल तेव्हा मागे काकांचीच भिंत असेल, आणखी काय हवं?

मांडवीकाठ
झकास. म्हणजे केतकी भिंत, कावेचा पट्टा, खिडक्यांना पांढरी पट्टी आणि पडवीत अबोली. चौथा रंग आत असल्यामुळे बाहेरून तीनच दिसतील. याच्यावर आता एकही वाढवू नका. पन्हळीसुद्धा काव किंवा केतकीतच रंगवा.

धागाकर्ता
काका राजी! आता रंग किती आणायचा? पेंटर ४० लिटर म्हणतोय. घर ४० बाय २८ फूट, भिंतीची उंची १० फूट, दोन्ही बाजूंना वर त्रिकोण आहेत, मध्यावर साधारण ७ फूट. आणि खिडक्यांच्या लोखंडी गजांना काय द्यावं?

जुना ब्रश
घेर १३६ फूट. गुणिले १० म्हणजे १३६० चौरस फूट. दोन त्रिकोणांचे मिळून १९६. बेरीज १५५६, दारं-खिडक्या आणि पडवीतला अबोलीचा भाग वजा जाता १४०० धरा. त्यातला अडीच फुटांचा पट्टा साधारण ३४० चौरस फूट, उरलेले १०६० केतकीचे. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला ५०-६० चौरस फूट जातं, गिलावा खरबरीत असेल तर त्याहून कमी. म्हणजे केतकीची २० लिटरची बादली आणि वर ४ लिटरचा डबा, कावेचे दोन ४ लिटरचे. पांढरा आणि अबोली ते छोट्या डब्यांत. ४० लिटर कशाला लागतात ते पेंटरला जरा भिंती मोजून दाखवायला सांगा.

केतकीचे दोन्ही डबे एकाच वेळी बनवून घ्या आणि मोठ्या पिंपात एकत्र ढवळा. नाहीतर बादली संपते तिथे भिंतीवर रेघ दिसते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं.

गजांचा गंज पॉलिश पेपरने काढून रेड ऑक्साइड प्रायमर द्या, वर गडद तपकिरी इनॅमल, तुमच्या फणसाच्या चौकटींच्या जवळ जाणारं. काळाही चालतो, पण धूळ फार दाखवतो. गज भिंतीच्या आधी रंगवून घ्या, म्हणजे टिपके पडले तरी नंतरच्या रंगाखाली जातील.

आणि उरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवून त्यावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. पाऊस संपला की मागच्या भिंतीला कुठे ना कुठे हात मारावा लागणारच.