'उपजत', 'कसब' आणि 'हात बसणे' : चित्र काढण्याबद्दल नेमकं काय म्हणायचं?

एखादीचं चित्र आवडलं की आपण पटकन बोलून जातो, "उपजतच आहे हो हिच्यात" नाहीतर "देवाची देणगी". माझी एक मैत्रीण वर्षानुवर्षं स्केचबुकं भरतेय, तिला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं, पण समोरचा कौतुकच करत असतो तेव्हा बोलणार काय. सरावाने आलेल्या चित्रकलेसाठी मराठीत चांगला शब्द आहे का? 'हात बसणे' सुचलं, पण ते आपण टायपिंगलाही म्हणतो आणि शिलाई मशीनलाही. आणि उपजत असणं आणि प्रतिभा असणं हे एकच का?

प्रतिसाद :
शब्द आहे आणि अगदी रोजचा आहे, 'कसब'. मूळ अरबी, तिथे त्याचा अर्थच कमावणं, मिळवणं. म्हणजे जन्माला येताना सोबत आणलेलं ते कसब नव्हे, मेहनतीने पदरात पाडलेलं ते कसब. आपण 'उपजत कसब' असंही सर्रास लिहितो, रूढ झालंय म्हणून चूक म्हणणार नाही पण मला ते खटकतं. तसंच 'कमावलेला आवाज', 'कमावलेलं शरीर' आपण आदराने म्हणतो, मग 'कमावलेला हात' का म्हणू नये? मी तर म्हणते.

उपजत आणि प्रतिभा एक नाहीत. उपजत म्हणजे नुसतं जन्मतः असलेलं, मग ती चित्रकला असो की चिडका स्वभाव. प्रतिभेची भट्टतौत या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराची व्याख्या प्रसिद्ध आहे, 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी', सतत नवं काही सुचत राहणारी बुद्धी. म्हणून फोटोसारखं हुबेहूब चित्र बघून "काय प्रतिभा आहे!" म्हणणं मला जरा सैल वाटतं, तिथे कसब म्हणावं, आणि उलट रेषा कच्ची असलेल्या माणसाला जे सुचतं त्यात प्रतिभा असू शकते. जुने लोक या दोन्हीत भांडण लावतच नव्हते. मम्मट हाही संस्कृत काव्यशास्त्रकार, त्याने आपल्या 'काव्यप्रकाश' ग्रंथात काव्य निर्माण व्हायला शक्ती (म्हणजे प्रतिभाच), निपुणता आणि अभ्यास असं तिन्ही सांगितलं आणि शेवटी 'हेतु' हा शब्द एकवचनात ठेवला, म्हणजे ही तीन वेगवेगळी कारणं नाहीत, तिन्ही मिळून एकच कारण. दंडी हा दुसरा काव्यशास्त्रकार तर आणखी पुढे जातो, अंगची प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने वाणीची उपासना केली तर ती थोडाफार अनुग्रह नक्की करते म्हणतो. दोघेही बोलतायत काव्याबद्दल, पण चित्राला हे तितकंच लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

आता 'हात बसणे'. माझी तक्रार अशी की हा वाक्प्रचार सगळं श्रेय हाताला देतो. सही करता येते ना, मग हाताला जेवढं वळण लागतं तेवढं बहुतेक आहेच, अडतं ते बघण्यात. नवशिक्याला कप काढायला सांगा, वरची कड तो छान लंबगोल काढेल आणि तळ सरळ रेषेत, कारण कप टेबलावर सपाट बसतो हे त्याला माहीत असतं. खरं तर कप नजरेच्या खाली असेल तर तळाची कड वरच्या कडेपेक्षा जास्त गोलाईची दिसते. चेहऱ्याचं तेच, डोळे साधारण डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात पण सुरुवातीला सगळे ते कपाळावर चढवतात. माहीत असलेलं बाजूला ठेवून समोर दिसतंय ते काढायला लागणं, याला 'नजर तयार होणे' म्हणतात आणि तुमच्या मैत्रिणीबद्दल हेच म्हणावं, कारण नजर आयती मिळत नाही हे ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं.

प्रतिसाद :
ताई, 'नजर तयार होणे' एकदम पटलं. पण मग नुसतं बघून बघून कॉपी करण्याला 'गिरवणे' म्हणायचं का? त्यात थोडा कमीपणा वाटतो.

प्रतिसाद :
गिरवणे म्हणजे आधीच असलेल्या रेषेवरून पुन्हा पुन्हा रेघ फिरवणं, अक्षरं गिरवतो तसं. शेजारी चित्र ठेवून काढलं तर 'उतरवणे' किंवा 'बघून काढणे'. (आणि तेच क्रियापद अकर्मक झालं की बघा, "चित्र छान उतरलंय" म्हणजे साधलंय.) कमीपणा कशाला हो, व्हॅन गॉगने १८८० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या ड्रॉइंग कोर्सचे तक्ते पुन्हा पुन्हा उतरवून काढले होते. आणि 'अभ्यास' शब्दाचा संस्कृतातला जुना अर्थसुद्धा पुन्हा पुन्हा करणं हाच, पाणिनीच्या व्याकरणात 'ददाति'मध्ये द दोनदा येतो त्यातल्या पहिल्या द ला चक्क 'अभ्यास' म्हणतात. मराठीत तो पुस्तकांपुरता आक्रसला म्हणून चित्राला आपल्याला 'सराव' लागतो. काहींना लवकर जमतं, काहींना उशिरा, त्या फरकाला उपजत म्हणा माझी हरकत नाही, पण भरलेल्या वह्या समोर असताना "कसब आहे हो तुमच्या हातात, नजर काय तयार झालीय" असं म्हटलं तर कौतुकही होतं आणि तिची मेहनतही त्यात येते.